नेमणुकीपूर्वीचा मुचलका

1789 च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या नवजात संसदेने आपल्या न्यायालयांची घडण ठरविणारा जो कायदा संमत केला, त्याच्या पस्तिसाव्या म्हणजे अगदी अखेरच्या कलमात, उठता उठता आठवण व्हावी तशी, एका अधिकाऱ्याची तरतूद केलेली आढळते. कायद्यात निष्णात अशा एका योग्य गृहस्थाची नेमणूक करावी, त्याने सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे वकिली करावी, आणि राष्ट्राध्यक्षांनी किंवा खातेप्रमुखांनी विचारल्यास कायद्याच्या प्रश्नांवर त्यांना अभिप्राय द्यावा, एवढेच त्याचे काम. या जागेवर प्रथम आलेला ॲटर्नी जनरल म्हणजे व्हर्जिनियाचा एडमंड रँडॉल्फ. त्याचा तनखा सालीना 1500 डॉलर होता. कचेरी नव्हती, हाताखाली कारकून नव्हता, आणि पोटासाठी खासगी वकिली चालू ठेवण्याची त्याला मोकळीक होती. तरीही दीड वर्षाच्या आतच त्याच्यापुढे जो प्रश्न आला तो पुढील सव्वादोनशे वर्षांत त्याच्या वारसांना सुखाने झोपू देणार नव्हता. राष्ट्रीय बँक स्थापन करण्याचे विधेयक 1791 च्या फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीसाठी आले, तेव्हा त्यांनी रँडॉल्फला विचारले की, संविधानाने असा अधिकार दिला आहे काय. रँडॉल्फने नाही म्हणून लिहून दिले. वॉशिंग्टन यांनी ते वाचले, जेफर्सन आणि हॅमिल्टन यांचेही अभिप्राय मागविले, आणि शेवटी हॅमिल्टनचा सल्ला ग्राह्य धरून विधेयकावर सही केली.

सत्तेची मर्यादा कोठे येते हे सांगण्याचे काम या अधिकाऱ्याचे आहे, आणि त्याने सांगितलेले ऐकावयाचे की नाही हे ठरविण्याचे काम दुसऱ्याचे आहे, ही या पदाची मूळची अडचण पहिल्याच प्रसंगी अशी उघड झाली. पुढे 1870 साली न्याय खाते निर्माण झाले, फौजदारी खटले चालविण्याचा अखत्यार त्याच्या हाती आला, आणि एकट्या रँडॉल्फची जागा एका विस्तीर्ण खात्याच्या प्रमुखाने घेतली. पण अडचण कमी न होता वाढलीच. कारण ज्याने नेमले आणि जो मनात आणील त्या दिवशी घरी पाठवू शकतो, त्याच्याच हाताची लांबी मोजून द्यावयाची, आणि प्रसंगी त्याच्याच निकटवर्तीयांवर आरोपपत्र ठेवावयाचे, असे हे काम आहे. शिवाय त्याच्या खात्याने दिलेले कायदेशीर अभिप्राय पुष्कळदा गोपनीय असतात. ज्या गोष्टी त्या अभिप्रायांच्या बळावर केल्या जातात त्या न्यायालयापर्यंत पोहोचतच नाहीत, किंवा पोहोचल्या तर वर्षानुवर्षांनी पोहोचतात. अशा वेळी बंद दाराआड त्याने लिहिलेला कागद हाच व्यवहारात अंतिम निवाडा ठरतो.

अशा माणसाची पारख आधी कोठेतरी व्हावयास हवी, आणि ती जागा म्हणजे सिनेट. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवावे आणि सिनेटने संमती द्यावी, अशी संविधानाची योजना आहे. सिनेटची न्यायविषयक समिती 1816 पासून अस्तित्वात आहे. संमती हा केवळ उपचार नव्हे, हे 1925 साली कॅल्व्हिन कूलिज यांच्या ध्यानात आणून देण्यात आले. त्यांनी सुचविलेल्या चार्ल्स वॉरन यांचे साखर उद्योगाच्या मक्तेदारांशी संबंध होते, आणि मक्तेदारीविरुद्धचे कायदे तर त्यांनीच राबवायचे होते. मतदान झाले तेव्हा दोन्ही बाजूंना 40 मते पडली. बरोबरी फोडण्याचा अधिकार उपराष्ट्राध्यक्ष डॉज यांचा. पण आज मतदान होणार नाही अशा समजुतीने ते विलर्ड हॉटेलात वामकुक्षी घेत होते. ते धावतपळत येईपर्यंत एका सभासदाने मत फिरविले आणि वॉरन पडले. कूलिज यांनी हट्टाने तेच नाव पुन्हा पाठविले, आणि ते या खेपेस अधिक फरकाने पडले.

वॉरन यांच्या वेळचा प्रश्न माणूस कोणाचा, हा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महायुद्धाने, शीतयुद्धाने आणि गुप्तहेरखात्यांच्या विस्ताराने राष्ट्राध्यक्षाचे पद जसजसे अवाढव्य होत गेले, तसतसा त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला: नियोजित ॲटर्नी जनरलच्या मते राष्ट्राध्यक्षाची सत्ता कोठे संपते? या प्रश्नाला लागणारे माप एका खटल्याने पुरविले. 1952 च्या एप्रिलमध्ये, कोरियातील युद्ध चालू असताना, पोलाद कामगारांचा संप टाळण्यासाठी हॅरी ट्रुमन यांनी देशातील बहुतेक पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. असा हुकूम काढण्याची मुभा देणारा कायदा नव्हता. कारखानदार न्यायालयात गेले, तेव्हा न्यायाधीश डेव्हिड पाइन यांनी सरकारी वकील होम्स बाल्ड्रिज यांना विचारले की, संविधानाने संसदेच्या आणि न्यायसंस्थेच्या अधिकारांना मर्यादा घातली पण कार्यकारी सत्तेला घातली नाही, असे तुमचे म्हणणे आहे काय. आम्ही संविधान तसेच वाचतो, असे बाल्ड्रिज यांनी उत्तर दिले. ते उत्तर वर्तमानपत्रांत झळकले, त्यावर गदारोळ उठला, आणि खुद्द ट्रुमन यांना त्यापासून अंग काढून घ्यावे लागले.

2 जून 1952 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो हुकूम रद्द केला. त्या निकालातील सर्वांत चिरस्थायी ठरलेले लेखन न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे आहे. त्यांनी तीन पायऱ्या कल्पिल्या. संसदेच्या संमतीने राष्ट्राध्यक्ष वागतो तेव्हा त्याचा अधिकार भरतीला असतो. संसद मौन असते तेव्हा तो संधिप्रकाशात चालत असतो. आणि संसदेने घातलेले निर्बंध मोडून तो जातो तेव्हा त्याच्या अधिकाराला पुरी ओहोटी लागलेली असते, आणि त्याचा दावा न्यायालयाने अत्यंत सावधपणे तपासावा. जॅक्सन हे स्वतः 1940 ते 1941 या काळात रूझवेल्ट यांचे ॲटर्नी जनरल होते, आणि 1941 साली कॅलिफोर्नियातील विमानाचा एक कारखाना ताब्यात घेण्याच्या कृतीचे त्यांनी समर्थन केले होते. सरकारने तेच समर्थन आता त्यांच्यापुढे पुरावा म्हणून ठेवले. पक्षकाराच्या वकिलाचे बोलणे न्यायाधीशाने प्रमाण मानता येत नाही, मग तो वकील एके काळी आपणच का असेना, अशा आशयाचे उत्तर जॅक्सन यांनी दिले.

मराठी वाचकाला पाइन आणि बाल्ड्रिज यांच्या सवाल-जबाबावरून आपल्याकडील एक प्रसंग आठवल्याखेरीज राहणार नाही. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयासह 9 उच्च न्यायालयांनी दिला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधानाच्या ज्या एकविसाव्या अनुच्छेदात स्वातंत्र्याची हमी आहे त्यातच जीविताचीही आहे, मग तुमचा युक्तिवाद जीवितालाही लागू होतो काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले. बेकायदा प्राण घेतला गेला तरी आणीबाणी असेतो न्यायालयाला काही करता येणार नाही, असेच डे यांना म्हणावे लागले. 28 एप्रिल 1976 रोजी 4 विरुद्ध 1 असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते आणि विरोधात एकटे खन्ना. आपल्या संविधानाच्या शहात्तराव्या अनुच्छेदानुसार ॲटर्नी जनरल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो आणि नेमणुकीआधी त्याला संसदेपुढे उभे राहावे लागत नाही. त्यामुळे खन्ना यांनी जो प्रश्न विचारला तो माणसे तुरुंगात गेल्यावरच विचारता आला. अमेरिकेतही पाइन यांनी विचारले ते कारखाने ताब्यात गेल्यावरच. तोच प्रश्न कृतीच्या आधी, शपथेवर आणि चारचौघांत विचारता येतो, ही समितीच्या सुनावणीची खरी मातब्बरी आहे. जुन्या अंमलात एखाद्याकडून भविष्यातील वर्तनाबद्दल मुचलका लिहून घेत, तशातला हा प्रकार. फरक इतकाच की, हा मुचलका मोडला तर त्यावर दावा लावता येईल अशी अदालत नाही.

मग असल्या मुचलक्याचे मोल काय? 1973 च्या मे महिन्यात एलियट रिचर्डसन समितीपुढे बसले तेव्हा वॉटरगेटच्या प्रकरणाचा धूर व्हाइट हाउसच्या अंगणापर्यंत आलेला होता. राष्ट्राध्यक्षाच्या माणसांची चौकशी राष्ट्राध्यक्षानेच नेमलेला माणूस कशी करणार, या एका मुद्द्यावर सभासद अडून बसले. स्वतंत्र असा विशेष अभियोक्ता नेमीन, त्याला तपासाचा पूर्ण अखत्यार देईन, आणि असाधारण गैरवर्तनाखेरीज त्याला काढणार नाही, असे वचन रिचर्डसन यांनी दिले. एवढेच नव्हे तर हार्वर्डमधील आपले जुने गुरू आर्चिबाल्ड कॉक्स यांचे नाव आणि त्यांच्या अधिकारांचा मसुदा समितीपुढे ठेवला. मगच संमती मिळाली. पाच महिन्यांनी कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती मागितल्या आणि तडजोड नाकारली, तेव्हा 20 ऑक्टोबर 1973 च्या शनिवारी निक्सन यांनी रिचर्डसन यांना हुकूम दिला की, कॉक्स यांना बडतर्फ करा. सिनेटला दिलेला शब्द मोडता येत नाही म्हणून रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या हाताखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही तो हुकूम बजावण्यास नकार दिला. तिसऱ्या क्रमांकाचे रॉबर्ट बोर्क यांनी तो अखेर बजावला.

वरकरणी पाहता येथे मुचलका हरला: कॉक्स गेले ते गेलेच. परंतु ज्या वचनासाठी ॲटर्नी जनरल पद सोडून गेला ते वचन सर्वांनी आधी ऐकलेले होते, म्हणूनच त्या शनिवारी रात्री काय मोडले गेले हे देशाला समजावून सांगावे लागले नाही. लोकक्षोभ असा उसळला की, निक्सन यांना नवा विशेष अभियोक्ता मान्य करावा लागला. त्या लिऑन जवॉर्स्की यांच्या मागणीवरून 24 जुलै 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 0 मतांनी ध्वनिफिती हजर करण्यास फर्मावले, आणि 9 ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. वॉटरगेटनंतरच्या चौकशांत सरकारी हेरगिरीचे जे किळसवाणे दप्तर बाहेर आले त्यावर उपाय म्हणून 1978 साली कायदा झाला की, परकीय हेरांच्या शोधासाठी देशात कोणाचे बोलणे चोरून ऐकावयाचे असेल तर खास न्यायालयाचे वॉरंट हवे. 6 जानेवारी 2005 रोजी अल्बर्टो गोन्झालेस समितीपुढे आले. बुश यांचे ते व्हाइट हाउसमधील विधी सल्लागार होते. विस्कॉन्सिनचे रस फाइनगोल्ड यांनी त्यांना सरळ विचारले: सरसेनापती या नात्याने राष्ट्राध्यक्ष हा कायदा मोडून वॉरंटविना नागरिकांचे बोलणे ऐकण्यास मुभा देऊ शकतो काय? जॅक्सन यांच्या तिसऱ्या पायरीवरचाच हा प्रश्न होता. गोन्झालेस यांनी तो काल्पनिक ठरविला, आणि फौजदारी कायद्याविरुद्ध कृतीस मुभा देणे हे या राष्ट्राध्यक्षांचे धोरण नाही, अशी पुस्ती जोडली. त्याच वर्षीच्या 16 डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्सने छापले की, तशी मुभा 2001 पासूनच दिलेली आहे. काल्पनिक म्हटलेली गोष्ट सुनावणीच्या दिवशी तीन वर्षांची झालेली होती, आणि तिची गोन्झालेस यांना केवळ कल्पनाच नव्हे तर चांगली ओळख होती.

ती ओळख किती निकटची, हे आणखी दीड वर्षाने त्याच समितीपुढे जेम्स कॉमी यांनी दिलेल्या जबानीने कळले. 10 मार्च 2004 च्या संध्याकाळी तेव्हाचे ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट वॉशिंग्टनच्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात पडून होते, आणि त्यांचा अखत्यार उपप्रमुख कॉमी यांच्याकडे होता. हेरगिरीच्या योजनेची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ती कायदेशीर असल्याची सही देण्यास न्याय खाते तयार नव्हते. व्हाइट हाउसची माणसे इस्पितळाकडे निघाल्याचा निरोप मिळताच कॉमी यांनी गाडी वळविली, आणि इस्पितळात पोहोचल्यावर ते जिने धावत चढले. खोलीत अंधूक उजेड होता, ॲशक्रॉफ्ट यांच्या पत्नी खाटेशी उभ्या होत्या. थोड्याच वेळात गोन्झालेस हातात लिफाफा घेऊन आले, सोबत राष्ट्राध्यक्षांचे मुख्य अधिकारी अँड्र्यू कार्ड. ॲशक्रॉफ्ट यांनी उशीवरून डोके उचलले, सही का देता येत नाही ते ठाम शब्दांत सांगितले, आणि पुन्हा मान टाकताना म्हणाले की, पण माझ्या मताला आज महत्त्व नाही, ॲटर्नी जनरल तो तेथे आहे. आणि कॉमी यांच्याकडे बोट केले. दोघे पाहुणे लिफाफा घेऊन परतले. हे सर्व घडून दहा महिने झाल्यावर गोन्झालेस यांनी समितीपुढे काल्पनिक हा शब्द उच्चारला होता. त्यांचे उत्तर नोंदलेले नसते तर त्यातील लबाडीही नोंदली गेली नसती. चुकविलेला प्रश्न पुढे साक्षीदार होतो, तो असा. 2007 च्या सप्टेंबरात ते पद सोडून गेले.

त्यांच्या जागी आलेल्या मायकेल म्यूकेसी यांची सुनावणी, 17 आणि 18 ऑक्टोबर 2007 ची, सर्वांत बोधप्रद आहे. कारण म्यूकेसी लबाड नव्हते. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ते 18 वर्षे न्यायाधीश होते, आणि 2002 साली राष्ट्राध्यक्षाला शत्रू योद्धा म्हणून नागरिकाला डांबण्याचा अधिकार आहे असे सांगतानाच त्या कैद्याला वकील भेटलाच पाहिजे, असेही त्यांनी सरकारला बजावले होते. पहिला दिवस कौतुकात गेला. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पॅट्रिक लेही यांनी तोच जुना प्रश्न काढला: कायद्याविरुद्ध कृतीस मुभा देऊन राष्ट्राध्यक्ष एखाद्याला कायद्याच्या वर नेऊन बसवू शकतो काय? म्यूकेसी यांनी उत्तर दिले की, कृती अधिनियमाविरुद्ध असूनही देशरक्षणाच्या राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारात बसत असेल, तर तो त्याला कायद्याच्या वर नव्हे, कायद्याच्या आतच ठेवतो. कारण संविधान हाही कायदाच.

हे उत्तर मूर्खपणाचे नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. संविधानाने राष्ट्राध्यक्षाला दिलेला अधिकार साध्या अधिनियमाने काढून घेता येत नाही, हे जॅक्सन यांनाही मान्य होते. खटकते ते एवढेच की, अधिनियम कोठे थांबतो आणि संविधानाने दिलेला अधिकार कोठे सुरू होतो ही रेघ कोण ओढणार, हे त्यात सांगितलेले नाही. आणि गोपनीय अभिप्रायांच्या राज्यात ती रेघ ॲटर्नी जनरलच ओढतो. ऱ्होड आयलंडचे शेल्डन व्हाइटहाउस हे स्वतः आपल्या राज्याचे ॲटर्नी जनरल राहिलेले. त्यांनी अमूर्त चर्चा सोडून फळीचा विषय काढला: कैद्याला फळीवर बांधून, तोंडावर कापड टाकून, गुदमरेतो पाणी ओतणे संविधानाला धरून आहे काय? त्या पद्धतीत नेमके काय येते ते मला ठाऊक नाही, ती जर यातना या सदरात मोडत असेल तर ती संविधानाला धरून नाही, असे म्यूकेसी म्हणाले. म्हणजे उत्तराच्या जागी प्रश्नच पुन्हा ठेवला गेला. ही शब्दांची मखलाशी आहे, आपण निराश झालो आहोत, असे व्हाइटहाउस यांनी तोंडावर सांगितले, आणि म्यूकेसी यांनी दिलगिरी दर्शविली. पुढे चार पानी पत्रात ती पद्धत आपल्याला तिरस्करणीय वाटते, एवढे त्यांनी लिहिले. बेकायदा आहे असे मात्र लिहिले नाही. होय म्हणावे तर आधी तसे केलेल्या आणि करविलेल्या सरकारी माणसांवर खटल्यांचे दार उघडते, नाही म्हणावे तर संमती जाते, अशा कात्रीत ते सापडले होते. 8 नोव्हेंबरला 53 विरुद्ध 40 मतांनी ते पार पडले. इतकी कमी अनुकूल मते अर्धशतकाहून अधिक काळात कोणा ॲटर्नी जनरलला मिळाली नव्हती. सव्वा वर्षाने एरिक होल्डर त्याच समितीपुढे आले, तेव्हा लेही यांनी आरंभीच तो प्रश्न टाकला, आणि फळीवरची ती पद्धत ही यातनाच आहे, असे होल्डर यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

दफ्तरात जमा होत जाणारे हे सवाल-जबाब विचारणाऱ्यालाही सोडीत नाहीत. 24 मार्च 2015 रोजी उपॲटर्नी जनरलच्या पदासाठी सॅली येट्स समितीपुढे होत्या. अलाबामाचे जेफ सेशन्स यांनी त्यांना विचारले की, राष्ट्राध्यक्षाने गैर काही करावयास सांगितले तर नाही म्हणणे हे ॲटर्नी जनरलचे कर्तव्य आहे की नाही. कायदा आणि संविधान यांना धरून स्वतंत्र सल्ला देणे हे कर्तव्य आहे, असे येट्स म्हणाल्या. 2017 च्या जानेवारीत त्या हंगामी ॲटर्नी जनरल असताना नव्या राष्ट्राध्यक्षांनी काही मुस्लिमबहुल देशांतील लोकांना प्रवेशबंदी करणारा हुकूम काढला. न्यायालयात त्याचे समर्थन करू नका, असे येट्स यांनी आपल्या खात्याला कळविले, आणि 30 तारखेच्या रात्री त्या बडतर्फ झाल्या. कायमच्या नेमणुकीसाठी तेव्हा सिनेटपुढे नाव होते सेशन्स यांचेच. त्याच महिन्यात त्यांनी आपल्या सुनावणीत सांगितले होते की, राष्ट्राध्यक्ष मर्यादा ओलांडू लागला तर ॲटर्नी जनरलला नाही म्हणता आले पाहिजे. मार्चमध्ये रशियाविषयक चौकशीतून ते स्वतः बाजूला झाले, राष्ट्राध्यक्षांचा रोष त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ सोसला, आणि 2018 च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांच्याच सांगण्यावरून त्यांनी राजीनामा लिहून दिला. 2015 साली येट्स यांच्याकडून लिहून घेतलेल्या मुचलक्यावर, म्हणावयाचे तर, त्यांचीही सही होती.